पोट्टी आर्ट्स घेतो म्हणते? वाचवा तिले!

दहावीचा निकाल लागला आहे, पोरीला ब्याण्णव टक्के पडले आहेत, पेढे वाटून झाले आहेत आणि रात्री जेवताना ती ताटाकडे बघत हळूच म्हणते, "बाबा, मला आर्ट्स घ्यायचंय." घाबरू नका. चांगल्या चांगल्या घरांत असे प्रसंग येतात. वेळीच उपाय झाले तर पोरगी पंधरा दिवसांत पीसीबीवर, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजीवर, येते. खालचे उपाय माझे नाहीत. गेल्या रविवारी आमच्या नागपुरात, बेसाला एका वास्तुपूजनाला गेले होते, तिथे ते सगळे एकाच पंगतीत माझ्या भाचीवर करण्यात आले. मी फक्त लिहून काढते आहे.

सुरुवातीला ऐकूच आलं नाही असं दाखवा. "काय घेते म्हणे? कॉमर्स?" असं दोनदा विचारा. तिसऱ्यांदा ती 'आर्ट्स' म्हणाली की पंगत गप्प झाली पाहिजे, वाढणाऱ्याने वडाभाताचं पातेलं हातात धरून जागीच थांबलं पाहिजे. मग घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाने, आमच्याकडे हे खातं मावसाजींकडे आहे, अगदी मायेने विचारावं, "काहून व बाई, मार्क तं चांगले हायेत ना तुले?"

लगेच पोरीच्या आईकडे बघा. चूक तिचीच असते.

मुलगी असेल तर "चालते, लग्नापर्यंत काहीतरी पाहिजेच" म्हणा. मुलगा असेल तर "लग्न नाही होत मग" म्हणा.

उदाहरणं द्या. बी.ए. होऊन भावाच्या किराणा दुकानात बसलेला एक माणूस प्रत्येक मोहल्ल्यात असतोच, त्याचं नाव घ्या. बी.ई. होऊन बुटीबोरीला कंत्राटावर ट्रेनी लागलेले त्याच मोहल्ल्यात तिघं असतात, त्यांचं नाव घेऊ नका. त्यांच्या बाबतीत मार्केट डाऊन असतं. दुकानात बसलेल्याच्या बाबतीत मात्र डिग्रीच खराब असते.

पोरगी वाचणारी असली तर उलट उदाहरणं तीही देईल. म्हणेल, बाबासाहेबांची १९१२ सालची मुंबई विद्यापीठाची बी.ए. अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्राचीच होती. म्हणेल, हिदायतुल्ला आपल्या मॉरिस कॉलेजात शिकले, पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले, १९६९ मध्ये काही दिवस राष्ट्रपतींच्या खुर्चीतही बसले. कवी ग्रेस ह्याच गावात मराठी शिकवायचे आणि नाटककार एलकुंचवार इंग्रजी, असंही म्हणेल. अशा वेळी वाद घालायचा नाही. "तो जमाना वेगळा होता" एवढं म्हणून मठ्ठा मागायचा. आपले आजोबा त्याच जमान्यात मॅट्रिक नापास होते, हे पंगतीत कुणाला आठवत नाही.

आता पैशाचं. सायन्सवर खर्च करताना हात आखडायचा नाही. झाशी राणी चौकातून जाताना फ्लेक्सवर जेवढे पासपोर्ट फोटो दिसतील, त्यातला एक आपल्या पोराचा असणार असं समजून एफडी मोडायची. पोर सकाळी सातला क्लासमध्ये टाकायचं, रात्री आठला काढायचं. कॉलेज टाय-अपवालं, म्हणजे नाव तिथे आणि पोर क्लासमध्ये. तिथे कशाला जायचं असतं ते तुम्हाला माहीत आहे. पहिल्या नीटला नाही जमलं तर ड्रॉप, दुसऱ्याला नाही जमलं तर परत ड्रॉप. पोराची झोप उडाली, जेवण तुटलं, की रामदासपेठेत समुपदेशक बाईंकडे न्यायचं. त्या सायकॉलॉजीच्या बी.ए., एम.ए. असतात, पण ते बोर्डावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, वाचलं नाही तरी चालतं. आणि आर्ट्सवालीने पुस्तकासाठी तीनशे रुपये मागितले तर डोळे मोठे करून विचारायचं, "मोबाईलवर फुकट भेटते ना?"

इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र हे विषय अठराव्या वर्षी, कॉलेजात, शिकवणाऱ्याकडून शिकले तर आयुष्य वाया जातं हे पोरीला नीट समजावून सांगा. तेच विषय सव्विसाव्या वर्षी, आधी मेकॅनिकल करून, अभ्यासिकेत महिन्याचं भाडं भरून, एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकावर पिवळा हायलायटर फिरवत शिकले की त्याला तयारी म्हणतात. यूपीएससीला ऑप्शनल म्हणून समाजशास्त्र घेतलेल्या इंजिनिअरला कुणी "पुढं काय स्कोप?" विचारत नाही. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक केली आहे, म्हणजे पानंच्या पानं स्वतःच्या डोक्याने लिहायची. आठवीपासून चार पर्यायांतला एक काळा करत मोठं झालेलं पोरगं त्या कोऱ्या पानापुढे काय करतं, ते बघायचं असेल तर कुठल्याही अभ्यासिकेत संध्याकाळी चक्कर मारा.

आणि आता सगळ्यांत गुणकारी उपाय. लिहायचं काम पडलं की आर्ट्सवालीकडेच जा, पण ते कुणाला सांगू नका, आणि पैसे तर अजिबात देऊ नका.

मी राज्यशास्त्रात एम.ए. आहे. हायकोर्टातल्या वकिलांना मराठी कागदांचं इंग्रजी करून देते. सातबारे, फेरफार, मृत्युपत्रं, पंचनामे. 'सदर इसम सदर ठिकाणी मिळून आला' छापाची वाक्यं, तीही घाईत लिहिलेल्या अक्षरातली, झेरॉक्सची झेरॉक्स. एक ओळ इकडची तिकडे झाली तर कुणाची तरी जमीन जाते. ह्यावर माझं घर बरं चालतं. नातेवाइकांच्या लेखी मात्र मी 'घरीच असते, टायपिंगचं काही तरी करते'.

तर ह्याच मावसाजींचा मुलगा. बी.ई. मेकॅनिकल. जर्मनीला एम.एस.ला जायचं म्हणून दोन पानांचं एसओपी हवं होतं, तुम्हाला हा विषय का शिकायचा आहे ते स्वतःच्या शब्दांत लिहा असं. लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आला. त्यात आधीच कुठून तरी उचललेला मजकूर होता, लहानपणापासून मी खेळणी उघडून आत काय आहे ते पाहायचो वगैरे. मी विचारलं, "कोणतं खेळणं उघडलं होतं रे?"

"उघडलं नव्हतं ताई. तसं लिहा लागते."

"बरं, जर्मनीच का?"

"फी नाही ना तिथं."

"आणि हाच विषय का?"

पंख्याकडे बघत बसला. मग म्हणाला, "बाबा म्हणतात स्कोप हाये."

पोरगं ढ नाही हो. गणितात माझ्यासारख्या दहा जणींना विकून खाईल. पण चार वर्षांत, त्याआधीच्या दोन वर्षांत, तुला स्वतःला काय वाटतं हे त्याला एकाही माणसाने विचारलेलं नव्हतं. मी विचारत गेले. संध्याकाळ झाली, दोनदा चहा झाला, तेव्हा कुठे निघालं की काटोलला आजोळच्या संत्र्याच्या बागेत मोटरपंप सारखा बंद पडायचा आणि अकरावीच्या सुट्टीत ह्याने तो एकट्याने उघडून, आतली झिजलेली चकती स्वतः बदलून, चालू केला होता. आजोबांनी त्या दिवशी सगळ्या वस्तीला बोलावून पाणी दाखवलं होतं. "हे लिहायचं?" म्हणे, "हे तं साधंच हाये." लिहिलं. त्यानेच सांगितलं, मी फक्त ओळीला ओळ लावली. ॲडमिशन झाली.

रविवारी पंगतीत मावसाजी सगळ्यांना सांगत होते, "पोट्ट्यानं सोताच लिहिलं बरं सारं. एका रात्रीत." मी समोर बसून गोळाभात खात होते. मुलगा ताटात बघत होता. आणि पुढच्याच वाक्याला मावसाजी भाचीकडे वळले, "आर्ट्सवाल्याले ना बाई, पुढं काही स्कोप नाही."

असो. उपाय सुरू ठेवू.

मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा ठेवला होता तसाच स्टेटस ठेवत राहा. एम.ए. मराठीला पोरीचं नाव मात्र घालू नका.

रामटेकला सहलीला जा, वाटेत नगरधनच्या किल्ल्यासमोर फोटो काढा. तिथल्या मातीतून प्रभावतीगुप्ताच्या नावाची मुद्रा निघाली, वाकाटकांचं राज्य चालवणारी बाई इथे आपल्या अंगणात होऊन गेली, हे उत्खनन करणाऱ्यांनी आणि लिपी वाचणाऱ्यांनी कळवलं. संशोधक वा. वि. मिराशींनी मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकवता शिकवता वाकाटकांचे ताम्रपट वाचून ठेवले नसते, तर आपल्याला रामटेक म्हणजे फक्त भजी आणि माकडं एवढंच माहीत असतं. पण लिपी वाचण्यात काय स्कोप?

इतिहासाची पदवी कुणाला घेऊ देऊ नका. इतिहास मात्र रोज करा, सकाळी सहापासून, व्हॉट्सॲपवर, फॉरवर्ड करून. औरंगजेब बादशहा १७०७ मध्ये मेला. २०२५ च्या मार्चमध्ये त्याच्या कबरीवरून आपल्या नागपूरच्या महाल भागात दगड चालले, गाड्या जळाल्या, संचारबंदी लागली, हातावर पोट असलेली माणसं घरात कोंडली गेली. तीनशे अठरा वर्षांनी! आणि ज्या गावात हे होतं, त्या गावात तुम्ही सोळा वर्षांच्या पोरीला तोंड वर करून विचारता की इतिहास शिकून काय करणार? बी.ए. झालेला माणूस दगड मारत नाही असं माझं म्हणणं नाही, मारत असेल. पण "हे कुठं लिहिलंय, कोणी लिहिलंय, कधी लिहिलंय" असं विचारायची सवय लावणारा वर्ग तुम्हाला फालतू वाटतो, आणि कुठला तरी अंकल मोबाईलवर हात हलवत इतिहास सांगतो तो बरोबर वाटतो. त्या अंकलची पदवी विचारली का कधी? त्याला स्कोप आहे का?

दसऱ्याला दीक्षाभूमीवर जा एकदा. तुम्ही ट्रॅफिक जाम होतो म्हणून त्या दिवशी तिकडून जात नाही, मला माहीत आहे. गावोगावाहून आलेली माणसं, भाकरी फडक्यात बांधून आलेली, रात्र उघड्यावर काढलेली, परत जाताना पुस्तकं विकत घेऊन जातात. स्टॉलवर उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बाईला वाचता येत नसतं, ती नातवासाठी घेते, पोलक्यातून नोटा काढून मोजून देते. पुस्तकाने माणसाचं काय होतं हे तिला कळलं आहे. थ्री बीएचकेच्या शोकेसमध्ये ट्रॉफ्या मांडून बसलेल्या आमच्या पंगतीला कळलेलं नाही.

आता पुरे झाले उपाय. सरळच बोलते.

आर्ट्सच्या पदवीचा उपयोग होतो का? होतो. माझा झाला, आणि मी कोणी विशेष नाही. कायद्याला जाता येतं, पत्रकारितेत, भाषांतरात, समाजकार्यात, पुरातत्त्वात, शिकवण्यात, तुमच्या त्या लाडक्या स्पर्धा परीक्षांत जाता येतं. पैसा उशिरा येतो आणि पहिली काही वर्षं कमीच येतो, हेही खरं आहे, लपवत नाही. पण तुम्ही जशी ती पदवी घ्यायला लावता, तशी घेतली तर ती कागदच राहते. कॉलेजात जायचं नाही, परीक्षेच्या आठ दिवस आधी गाइड आणायचं, सोबत "हे चालू राहू दे, बँकेची तयारी कर" म्हणायचं. मार्क पडले नाहीत त्यांना तिकडे ढकलायचं, मार्क पडले त्यांना तिकडून ओढून काढायचं, आणि मग म्हणायचं की आर्ट्सला पोरंच चांगली नसतात.

आणि शिकवायला कोण आहे? सेट-नेट ह्या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा पास होऊन, पीएच.डी. होऊन, तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या पैशावर, ह्या कॉलेजातून त्या कॉलेजात गाडी मारणारी पोरं. सुट्टीचा पगार नाही, पुढच्या वर्षी घेतील की नाही माहीत नाही. कायम जागांचं काय चालतं आणि आतून काय मागतात ते तुम्हाला आणि मला दोघांनाही माहीत आहे. हिवाळी अधिवेशनात मोर्चा काढला की त्यांना मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर अडवतात. म्हणजे ज्या कॉलेजात शिकवायला पाहिजे, त्याच्याच चौकात रस्त्यावर बसवून ठेवतात. तुम्ही बाजूने गाडी काढता आणि हॉर्न वाजवता.

क्लासच्या मालकाला तुम्ही फॅकल्टी कोण, आयआयटीचा आहे का, बॅच किती पोरांची, एसी आहे का, सगळं विचारून येता. त्यातला एक प्रश्न आर्ट्स कॉलेजात जाऊन विचारला का? कायमचे शिक्षक किती आहेत, तास होतात का, लायब्ररी किती वाजेपर्यंत उघडी असते, एवढं तरी? पोरीसोबत एक सकाळ तिथे गेलात का? नाही गेलात. फॉर्मवर सही करतानाच तोंड वाकडं केलं, तिला शिक्षकच नसलेल्या वर्गात तीन वर्षं बसवलं, आणि ती रिकाम्या हाताने बाहेर आली की "आम्ही सांगतच होतो" म्हणायला सगळ्यांत पुढे तुम्हीच. थोडी लाज वाटू द्या.