देवाच्या दारात मळके पाय

मुंबईच्या सिद्धिविनायक मंदिराने २०२५ च्या जानेवारीत पोशाखाचे नियम जाहीर केले. तोकड्या कपड्यांबरोबर फाटक्या किंवा कापलेल्या कापडाच्या पँटलाही मनाई झाली. मग नेहमीप्रमाणे दोन तट पडले. एक तट पावित्र्याचा, दुसरा स्वातंत्र्याचा. ही चर्चा रोममध्ये बसून वाचली की इथले एक चित्र आठवल्याशिवाय राहत नाही. फाटकी, मळकी टोपी आणि चिखलाने भरलेले तळवे त्यात थेट वेदीवर चढवले आहेत, आणि गेली चारशे वर्षे ते तिथेच आहेत.

पियात्सा नवोनापासून दोन मिनिटांच्या चालीवर सांत अगोस्तिनो नावाचे चर्च आहे. आत शिरताच डाव्या हाताचे पहिले छोटे प्रार्थनागृह कावाल्लेत्ती कुटुंबाचे. एर्मेते कावाल्लेत्ती हे मूळचे बोलोन्याचे. १६०२ मध्ये ते वारले, तेव्हा त्यांनी मृत्युपत्रात प्रार्थनागृहाच्या सजावटीसाठी ५०० स्कुदी (तेव्हाची इथली नाणी) ठेवले होते. त्या निमित्ताने इटालियन चित्रकार काराव्हाज्जोने १६०४ ते १६०६ च्या दरम्यान ‘लोरेतोची मारिया’ हे तैलचित्र केले. मारिया म्हणजे येशूची आई. उंची २६० सेंटिमीटर, रुंदी १५०. लोक याला ‘यात्रेकरूंची मारिया’ असेही म्हणतात, आणि चित्र पाहिल्यावर तेच नाव जास्त खरे वाटते.

लोरेतोची आख्यायिका ठाऊक असल्याशिवाय काराव्हाज्जोने काय गाळले ते लक्षात येत नाही. मारियाचे नाझरेथमधले घर १२९१ मध्ये देवदूतांनी उचलले, आधी एड्रियाटिक समुद्राच्या पलीकडच्या काठावर ठेवले आणि १२९४ मध्ये इटलीत लोरेतोला आणले, अशी श्रद्धा आहे. ते घर आजही तिथल्या मोठ्या चर्चच्या पोटात आहे. यात्रेकरू गुडघ्यांवर चालत त्याच्याभोवती फिरतात, आणि त्या घासण्याने संगमरवरी पायऱ्यांना खोल चर पडले आहेत. चित्रकारांनी हा प्रसंग दाखवण्याची रीत ठरलेली होती: उडते घर, खांद्यावर पेलणारे देवदूत, छपरावर बाळाला घेऊन बसलेली मारिया. त्याच सुमारास चित्रकार आन्निबाले कार्राच्चीच्या नावाने रोममधल्याच सांत ओनोफ्रियो चर्चसाठी झालेले चित्र याच रीतीचे आहे.

काराव्हाज्जोने देवदूत काढून टाकले, ढग काढले, उड्डाण काढले. घरापैकी उरले फक्त दार. दगडी चौकट, एक पायरी, आणि शेजारच्या भिंतीचा गिलावा उडून उघड्या पडलेल्या विटा. दारात मारिया उभी आहे, अनवाणी, पाय एकमेकांवरून तिरके टाकून, कडेवर दोन-तीन वर्षांचे वजनदार मूल. मुलाच्या भाराने तिला किंचित कलावे लागले आहे. कुणी दार वाजवले आणि हातातले काम टाकून बाई बाहेर आली, असेच वाटते. देवपणाची खूण म्हणून तिच्या डोक्यामागे केसाएवढ्या बारीक रेषेचे वलय आहे. ते शोधावे लागते.

या दाराचा अर्थ तेव्हाच्या भाविकाला समजावून सांगावा लागत नव्हता. लोरेतोची म्हणून ओळखली जाणारी मारियाची नामावली पोप सिक्स्तुस पाचवा याने १५८७ मध्ये मान्य केली होती. आपल्याकडच्या सहस्रनामासारखी एकेक उपाधी घ्यायची आणि प्रत्येकीनंतर ‘आमच्यासाठी विनंती कर’ म्हणायचे. गोव्यात घरोघरी आणि वाटेवरच्या क्रुसापुढे जी लदीन म्हणतात तिच्यात हीच नामावली आहे, त्यामुळे गोवेकर कॅथलिक माणूस या चित्रापुढे उभा राहिला तर त्याला अर्धा अर्थ तोंडपाठ असतो. त्या नामावलीत मारियाला ‘स्वर्गाचे दार’ म्हटले आहे, ‘सोन्याचे घर’ म्हटले आहे, ‘पाप्यांचा आसरा’ म्हटले आहे. काराव्हाज्जोने या उपाध्या अक्षरशः घेतल्या आणि गरिबाच्या गल्लीत आणून ठेवल्या. स्वर्गाचे दार म्हणजे हे झिजलेले दार. सोन्याचे घर म्हणजे हा पापुद्रे सुटलेला गिलावा. माझ्या मते चित्राचे सगळे बळ इथे आहे. प्रतीक कुठेही सोडलेले नाही, फक्त त्याच्यावरचा मुलामा खरवडून काढला आहे.

दाराबाहेर दोघे गुडघे टेकून आहेत. पुरुषाच्या हाती काठी, शेजारी म्हातारी. ती बहुधा त्याची आई. दोघांची पाठ आपल्याकडे, त्यामुळे पुरुषाचे अनवाणी तळवे चित्राच्या तळाशी, आपल्या अगदी समोर येतात. जवळ जाऊन पाहावे. टाच जाड झालेली आहे, मळ सगळीकडे सारखा नाही, जिथे पाय जमिनीवर टेकतो तिथे तो दाट आहे. हा मळ काळ्या रंगाचा फटकारा मारून आणलेला नाही. काराव्हाज्जो कापडावर आधी गडद तपकिरी थर देई आणि सावलीच्या जागी तो थर तसाच दिसू देई. मातीचा रंग म्हणून चित्राची खालची जमीनच पुष्कळदा वर येते.

आता या चित्रावरून झालेल्या ओरड्याकडे. जोव्हान्नी बाल्योने हा चित्रकार १६४२ मध्ये छापलेल्या चरित्रसंग्रहात लिहितो की एका यात्रेकरूचे पाय चिखलाने भरलेले आणि दुसरीची टोपी फाटकी व मळकी, यावरून सामान्य लोकांनी भयंकर कल्ला केला. बाल्योने हा तटस्थ साक्षीदार नव्हे. त्यानेच १६०३ मध्ये काराव्हाज्जोवर बदनामीचा खटला भरला होता. शिवाय त्याने वापरलेला शब्द कोंबड्या-बदकांच्या कलकलाटासाठीही वापरतात. लोक चिडून ओरडत होते की स्वतःला वेदीवर पाहून हरखून बोलत होते, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. मला दुसरी शक्यता जास्त पटते, कारण रोमच्या सामान्य माणसाला यात्रेकरूचे मळके पाय परके नव्हते. संत फिलिप्पो नेरी यांनी १५४८ मध्ये सुरू केलेली पवित्र त्रैक्याची बंधुमंडळी यात्रेकरूंना जेवू घाली आणि त्यांचे पाय धूत असे. यात्रेकरूंची रीघ लागलेल्या १६०० च्या महोत्सवी वर्षात हे पाय धुणे साऱ्या शहराच्या डोळ्यांपुढे चालले होते. चित्रातला मळ हा धुण्याआधीचा मळ आहे. ज्याला सेवा करायची आहे त्याने तो मळ पाहिलाच पाहिजे.

तरीही एक गोष्ट बाल्योनेच्या वाक्यात पक्की आहे, आणि आपल्या वादासाठी तीच मोलाची. तक्रारीचा रोख देवावर नव्हता. मारिया अनवाणी आहे आणि तिच्यासाठी बसलेली बाई पियात्सा नवोनाच्या परिसरातली लेना नावाची, काराव्हाज्जोच्या ओळखीची स्त्री असावी असे मानतात. पण बाल्योनेने बोट ठेवले ते भक्ताच्या मळावर आणि भक्ताच्या फाटक्या कापडावर.

इथे इटलीची वाहवा करून थांबणे खोटेपणाचे होईल. व्हॅटिकनच्या संत पेत्राच्या चर्चमध्ये उघडे खांदे आणि उघडे गुडघे घेऊन आत जाता येत नाही, दारावर अडवतात. ते मला गैर वाटत नाही. अंग झाकून या, हा नियम सगळ्यांना सारखा लागू होतो आणि एका ओढणीने पाळताही येतो. फाटके कापड मात्र दारावरच्या माणसाने कसे ओळखायचे? ही फॅशनची फट आहे की गरिबीची, हे नजरेने ठरवायचे झाले तर चूक होणार, आणि तिचा भार नेहमी एकाच बाजूवर पडणार. ज्याच्याकडे दुसरी पँट नाही तो वाद न घालता मागे फिरतो.

याबाबतीत आपली स्वतःची परंपरा काराव्हाज्जोपेक्षा जुनी आणि स्पष्ट आहे. पंढरपूरच्या महाद्वारातली पहिली पायरी नामदेवांची. संतांच्या पायांची धूळ आपल्यावर पडावी म्हणून त्यांनी ती जागा मागून घेतली, असे वारकरी मानतात. वारीत दोन माणसे भेटली की एकमेकांच्या पाया पडतात, आणि वीस दिवस चाललेल्या पायांवर काय असते ते सांगायला नको. त्याच पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे, बाहेर. उंबरठ्याबाहेर कोणी राहायचे हा प्रश्न इतका लांबला की १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना त्यासाठी दहा दिवस उपोषण करावे लागले. ज्या मातीत पायधुळीला हे स्थान आहे तिथे भक्ताच्या नीटनेटकेपणाला पावित्र्य म्हणणे मला मान्य नाही.

चित्र वेदीला शोभत नाही असे वाटले तर काय करायचे, याचेही धडे काराव्हाज्जोच्याच आयुष्यात आहेत. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये चर्चमधल्या चित्रांवर धर्माधिकाऱ्यांची देखरेख ठेवली होती आणि तिचा उपयोग होई. ‘मारियाचा मृत्यू’ हे त्याचे चित्र रोमच्या त्रास्तेव्हेरे भागातल्या पाद्रींनी नाकारले. चित्रकार रूबेन्सच्या सल्ल्याने ते १६०७ मध्ये मान्तोव्हाच्या ड्यूकने विकत घेतले. आज ते पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. संत पेत्राच्या चर्चसाठी केलेले एक चित्र थोड्याच दिवसांत वेदीवरून उतरले आणि बोर्गेझे संग्रहात गेले. पाद्री वेदीपुरते नाही म्हणाले, आणि तेवढा अधिकार त्यांचा होता. चित्र फाडले नाही. १६०६ मध्ये काराव्हाज्जो रोममधून पळाला तो खून केल्यामुळे, चित्रांमुळे नव्हे. पंढरपुरात जन्मलेले चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांच्यावर चित्रांवरून भरलेले खटले दिल्ली उच्च न्यायालयाने २००८ मध्ये रद्द केले, तरी ते परदेशातून परतले नाहीत आणि २०११ मध्ये लंडनमध्ये वारले. त्यांची चित्रे कुठल्याही देवळाच्या गाभाऱ्यात लावायची नव्हती. हा फरक विसरून दोन्ही वाद एकाच तराजूत घालतात, याचे मला फार वाईट वाटते.

कुणी मराठी माणूस रोमला आला तर सांत अगोस्तिनोत जरूर जावे, पण पाहण्याची रीत सांभाळून. चित्र वेदीच्या वर आहे आणि रंगावर वॉर्निश आहे. बरोबर मधोमध उभे राहून फोन वर धरला की दिव्याची चकाकी मारियाच्या चेहऱ्यावर येते आणि सावलीतले काही दिसत नाही. एक पाऊल बाजूला सरकावे. चित्रातला उजेड डावीकडून वरून येतो, आणि चित्राकडे तोंड केल्यावर चर्चचे मुख्य दारही डावीकडेच असते, म्हणजे रंगवलेला प्रकाश रस्त्यावरून आत आल्यासारखा पडतो. डोळे त्याला सरावेपर्यंत दोन मिनिटे जाऊ द्यावीत. मग खाली वाकावे. गुडघे टेकले तर उत्तम. उभ्याने पाहिले की आपण यात्रेकरूंच्या डोक्यावरून मारियाकडे पाहतो, आणि वाकलो की ते दोघे आपल्या पुढे रांगेत असतात.

याच चर्चमध्ये मुख्य दाराजवळ शिल्पकार याकोपो सान्सोव्हिनोने १५२१ मध्ये पूर्ण केलेली ‘प्रसूतीची मारिया’ ही मूर्ती आहे. मूल व्हावे, बाळंतपण सुखरूप व्हावे म्हणून बायका तिच्या पायाला हात लावत, ओठ टेकत आल्या आणि संगमरवर झिजला, म्हणून त्या पायावर चांदी चढवली आहे. भोवती नवसाच्या गुलाबी आणि निळ्या फिती. वांद्र्याच्या मोतमाउलीला मेणाचे हातपाय वाहणाऱ्यांना हे लगेच कळेल. विठ्ठलाच्या पायांची झीज, ती थांबवण्यासाठीचा वज्रलेप आणि पदस्पर्श यांवर आपल्याकडे वाद सुरू झाला की मला ही चांदी आठवते. तिच्याखाली दगड सुरक्षित राहतो आणि हात पोचायचेही थांबत नाहीत. मात्र हाताला लागते ती चांदी. विठ्ठलाच्या बाबतीत ते चालेल का, हे वारकऱ्यांनाच विचारायला हवे.

काराव्हाज्जोच्या यात्रेकरूने मात्र हात लावलेला नाही. त्याचे हात जोडलेले आहेत आणि बाळाचा लोंबता पाय त्या हातांच्या अगदी जवळ आला आहे. मारिया पायरीवरून खाली उतरलेली नाही, तो वर चढलेला नाही. तिने मूल थोडेसे पुढे केले आहे, इतकेच.