वाघोलीच्या खाणी आणि साउथ जॉर्डनची घरं

पुण्याच्या कडेच्या गावांचं काय करायचं, हा वाद काही मिटत नाही. २०१७ मध्ये ११ गावं महापालिकेत घेतली. ३० जून २०२१ ला आणखी २३ घेतली, त्यात नगर रस्त्यावरची वाघोली होती. मग आधीच्या अकरांपैकी फुरसुंगी आणि उरुळी देवाची बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये उपमुख्यमंत्री या नात्याने अजित पवार म्हणाले, की चाकण, हिंजवडी आणि मांजरी-फुरसुंगी-उरुळी या पट्ट्यांसाठी तीन नव्या महापालिका कराव्या लागतील. माझे निम्मे नातेवाईक नगर रस्त्याच्या आजूबाजूला राहतात. त्यांच्याशी फोनवर बोलणं सुरू झालं की पाच मिनिटांत गाडी इथेच येते: हद्दीत राहायचं की बाहेर पडायचं, घरपट्टी किती आली, टँकर कितीला पडला.

या सगळ्या बोलण्यात खाणी कुठेच नसतात, आणि मला तेच खटकतं.

वाघोलीचा काळा दगड फोडून पुणे उभं राहिलं. खराडीची आयटी पार्कं, विमाननगरच्या सोसायट्या, सगळीकडचे काँक्रीटचे रस्ते यांत इथली खडी आणि क्रश सँड गेली आहे. डंपरने रस्ते उखडले, धूळ पिकांवर बसली, सुरुंगांनी भिंतींना तडे गेले. गावाने ते वर्षानुवर्षं सोसलं. आता दगड संपत आलेल्या खाणींच्या काठापर्यंत इमारती आल्या आहेत. कुठे खड्ड्यात पाणी साठलंय, कुठे रात्री राडारोडा ओतला जातोय. पोहायला उतरलेली मुलं खाणीत बुडाल्याच्या बातम्या येतात, दोन दिवस हळहळ होते, आणि खड्डा तसाच राहतो. त्या खड्ड्याचा मालक कोण? सातबारावर एक नाव, खाणपट्टा दुसऱ्याच्या नावे, खडी मशीन तिसऱ्याचं, आणि विकसन करारावर सही चौथ्याची. गाव महापालिकेत आलं तेव्हा हे खड्डेही महापालिकेत आले, पण त्यांचं करायचं काय, याबद्दल कोणावरच काही बंधन आलं नाही.

मी राहतो ते साउथ जॉर्डन अमेरिकेच्या युटा राज्यात, सॉल्ट लेक खोऱ्याच्या नैर्ऋत्येला आहे. पश्चिमेच्या ओकर डोंगरात बिंगहॅम कॅन्यनची तांब्याची खाण आहे. १९०६ पासून ती उघड्यावर खोदतायत. सुमारे ४ किलोमीटर रुंद आणि १ किलोमीटरहून जास्त खोल. रिओ टिंटो या बहुराष्ट्रीय कंपनीच्या मालकीची केनेकॉट कंपनी ती चालवते. डोंगरापासून खाली खोऱ्यापर्यंत ९० हजार एकरांहून जास्त जमीन या एकाच कंपनीकडे होती. त्यातले सुमारे ४,१०० एकर साउथ जॉर्डन शहराच्या हद्दीत आले, तिथे घरांना परवानगी मिळाली आणि २००४ पासून 'डेब्रेक' नावाची वसाहत उभी राहू लागली. एकूण २० हजार घरांचा आराखडा. सुमारे ६५ एकरांचं बांधलेलं तळं, शाळा, २०११ मध्ये आलेली लोकल रेल्वे, आणि २०२५ पासून बेसबॉलचं मैदान. संध्याकाळी तळ्याकाठी मराठी, तेलुगू, गुजराती सगळं ऐकू येतं. या वसाहतीतल्या काही भागात पूर्वी खाणीच्या सांडपाण्याची बाष्पीभवन तळी होती. जड धातू आणि क्षार असलेलं पाणी तिथे सोडायचं आणि उन्हात आटवायचं, असं काही दशकं चाललं होतं.

मग अशा जमिनीवर घरं कशी झाली? इथे आलेले पाहुणे हे विचारतात आणि पुढे आपणच उत्तर देतात, "अमेरिका आहे, इथे सगळं नियमाने होतं." हे उत्तर मला मान्य नाही. आपोआप काहीही झालं नाही. १९८० मध्ये इथे 'सुपरफंड' नावाचा कायदा झाला. प्रदूषण झालं तेव्हा ते कायदेशीर होतं की नव्हतं, हे हा कायदा विचारत नाही. ज्याने घाण केली त्याने साफ करायचं. १९८६ मध्ये युटा राज्याने भूजल बिघडवल्याबद्दल केनेकॉटवर दावा लावला. पुढे राज्य आणि कंपनीने आपसात तडजोड केली, सुमारे १ कोटी २० लाख डॉलरची. प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण खोऱ्याला पाणी पुरवणाऱ्या स्थानिक जलमंडळाने हरकत घेतली: एवढ्या पैशांत पाणी कुठे शुद्ध होणार? १९९२ मध्ये केंद्रीय न्यायाधीशांनी ती तडजोड फेटाळली. १९९५ मध्ये नवा करार झाला तो ३ कोटी ७० लाख डॉलरचा. त्याच सुमारास, केंद्राच्या पर्यावरण खात्याची टांगती तलवार डोक्यावर असताना, कंपनीने जमिनीचीही साफसफाई केली. पुढे रिव्हर्स ऑस्मोसिसचे प्रकल्प उभे राहिले आणि ते शुद्ध केलेलं भूजल साउथ जॉर्डन, वेस्ट जॉर्डन, रिव्हर्टन आणि हेरिमन या चार शहरांना पुरवायचं ठरलं.

माझ्या दृष्टीने या सगळ्या कहाणीचा प्राण त्या जलमंडळाच्या हरकतीत आहे. सरकारने मान्य केलेली तडजोड एका स्थानिक संस्थेने अडवली, कारण नळाला येणाऱ्या पाण्याचा जाब लोक तिलाच विचारणार होते.

वाघोलीकडे असं कोण होतं? २०२१ मध्ये गाव महापालिकेत गेलं आणि ग्रामपंचायत संपली. महापालिकेच्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रशासक आले. निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. म्हणजे साडेचार वर्षं या २३ गावांना आपण निवडून दिलेला एकही स्थानिक प्रतिनिधी नव्हता. इमारती मात्र याच काळात सर्वात वेगाने चढल्या. शिवाय या गावांच्या नियोजनाचे अधिकार सरकारने २०२१ मध्येच पीएमआरडीएकडे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, ठेवले. बांधकामाची परवानगी एक संस्था देणार, विकास शुल्क तीच घेणार, आणि पाणी, ड्रेनेज, रस्ते दुसऱ्या संस्थेने द्यायचे. माझे मामा म्हणतात, "कर महापालिकेचा, पाणी टँकरचं." यात जराही अतिशयोक्ती नाही. अशा व्यवस्थेत खाणीच्या जागेवर परवानगी देताना खड्डा कशाने भरलाय, खालचं पाणी कसं आहे, हे विचारण्यात कोणाचाच स्वार्थ नाही. जो पैसे घेतो त्याला पुढे तिथे पाणी द्यायचं नाही, आणि ज्याला द्यायचं आहे त्याला आधी कोणी विचारत नाही.

इथलं सगळं चांगलं असंही मी म्हणणार नाही. याच खाणीने माणसांची गावं गिळली आहेत. बिंगहॅम कॅन्यन नावाचं गाव होतं. ग्रीक, इटालियन, जपानी, कुठून कुठून आलेले खाणकामगार तिथे राहायचे. खाण रुंदावत गेली आणि १९७१ मध्ये ते गाव कागदावरूनही पुसलं गेलं. शेजारच्या लार्क गावाची जमीन कंपनीने १९७७ मध्ये विकत घेतली आणि रहिवाशांना निघून जायला सांगितलं. आजही याच खोऱ्याच्या दक्षिण टोकाला, पॉइंट ऑफ द माउंटनजवळ, खडीच्या खाणी आणि नवी घरं समोरासमोर उभी आहेत. घरवाले धुळीची तक्रार करतात, खाणवाले म्हणतात आम्ही आधीपासून इथे आहोत. २०१९ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने वाळू-खडीच्या खाणींना संरक्षण देणारा कायदा केला, म्हणजे वजन खाणवाल्यांच्या पारड्यात टाकलं. वाघोलीचे खाणमालकही हेच म्हणतात: आम्ही आधी आलो, शहर मागून आलं. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. खडी शहराला हवीच असते, आणि जवळची खाण बंद केली की डंपर लांबून येतात. पण आधी आलो म्हणून जाताना काहीच न आवरता जायचं, हा हक्क त्यातून निघत नाही.

जमिनीच्या या हिशोबात मजूर तर कुठेच दिसत नाहीत. वाघोलीच्या खाणींवर वडार समाजाच्या आणि मराठवाड्यातून आलेल्या कितीतरी कुटुंबांनी दगड फोडला. 'संतुलन' संस्थेने त्यांच्या मुलांसाठी खाणींवर पाषाण शाळा चालवल्या, कारण गावातली शाळा त्या वस्त्यांपर्यंत पोचत नव्हती. खाण बंद होते तेव्हा काम जातं आणि राहायची जागाही जाते, कारण झोपडी खाणीच्याच जमिनीवर असते. गाव महापालिकेत येताना शाळा, रस्ते, मिळकती यांच्या याद्या झाल्या. या वस्त्यांची यादी का होऊ नये?

पैसा नाही, हे कारण चालणार नाही. दगडाच्या प्रत्येक ब्रासमागे सरकार स्वामित्वधन घेतं. २०१५ च्या कायदादुरुस्तीनंतर खाणबाधित भागासाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठानं आली, ती नेमकी अशाच खर्चासाठी. त्यातले पैसे इतरत्र वळवण्याआधी त्याच गावच्या खड्ड्यांना कुंपण घाला, पाणी तपासा, कामगारांना घरं द्या.

आणि परदेशातल्या आपल्या लोकांना मला मनापासून एक सांगायचं आहे. नगर रस्त्यावरच्या प्रकल्पांची चकचकीत पत्रकं आपल्याला व्हॉट्सॲपवर येतात. कोणी आईवडिलांसाठी, कोणी गुंतवणूक म्हणून फ्लॅट घेतो. डेब्रेकमध्ये घर घेताना आपण जमिनीचा इतिहास विचारला, कागद मागितले, तळघरापर्यंत तपासणी करून घेतली. वाघोलीत घेताना तेच विचारायला का कचरायचं? गट नंबर मागा. तिथे खाणपट्टा होता का, भराव कशाचा आहे, बोअरचं पाणी कोणत्या प्रयोगशाळेत तपासलं, हे बुकिंगची रक्कम देण्याआधी लेखी विचारा. बिल्डरला हे प्रश्न सारखे येऊ लागले, तर तोही उत्तरं तयार ठेवील.

आता महापालिकेत लोकांनी निवडून दिलेले नगरसेवक बसले आहेत. पुढे वेगळी महापालिका होवो किंवा न होवो, त्यांना आजच करता येण्यासारखं काम आहे. हद्दीतल्या चालू आणि बंद प्रत्येक खाणीची गट नंबरासह यादी, खोलीसह नकाशा आणि पट्टेधारकाचं नाव महापालिकेने जाहीर करावं. खाणीच्या जागेवर निवासी परवानगी देण्याआधी खाण बंद केल्याचा तांत्रिक अहवाल आणि भूजलाची चाचणी सक्तीची करावी, अशी मागणी महापालिकेने ठराव करून पीएमआरडीए आणि राज्य सरकारकडे पाठवावी. भराव घालायची आणि साफसफाईची हमी रक्कम पट्टेधारक आणि विकसक दोघांकडून आधी घ्यावी, आणि काम पूर्ण होईपर्यंत ती सोडू नये. खाणीवरच्या वस्त्यांचं सर्वेक्षण याच वर्षी व्हावं. काही मोठे खड्डे तर बुजवूच नयेत; पावसाचं पाणी धरून ठेवायला टँकरवर जगणाऱ्या गावाला ते हवेच आहेत. त्यांचं आरक्षण विकास आराखड्यात आत्ताच टाकायला हवं. एकदा त्या काठावर पाया खणला गेला, की ते आरक्षण कोणी टाकू देणार नाही.