खाडी ह्या बाजूक कशी इली?

इंटरकॉमवर पार्सल आल्याचं कळलं म्हणून गाऊनवर ओढणी टाकून धावत खाली गेले, तर वॉचमनकाका पार्सलवर बसले होते. त्यांच्या खुर्चीची बैठक गेले सहा महिने फाटलीय आणि माझं चपटं पुठ्ठ्याचं पार्सल तिथे अगदी मापात बसलं होतं. त्यावर लाल अक्षरात 'डू नॉट बेंड' लिहिलेलं. "वाकलं नाही ताई, एकदम टणक आहे," असं काकांनीच सर्टिफिकेट दिलं. आत अठराव्या शतकातला विजयदुर्ग होता.

तर मला हे वेड आहे. जुनी समुद्रकिनाऱ्यांची छापील चित्रं, म्हणजे एन्ग्रेव्हिंग, एचिंग वगैरे, तांब्याच्या पत्र्यावर कोरून मग कागदावर छापलेली. सुरुवात एका ब्रिटिश किनाऱ्याच्या चित्रापासून झाली. विल्यम डॅनियल नावाच्या माणसाने १८१४ ते १८२५ या काळात अख्ख्या ब्रिटनच्या किनाऱ्याची ३०८ चित्रं छापली, त्यातलं एक मला स्वस्तात मिळालं आणि घरच्यांनी विचारलं, हे आपलं कोण? खरंच कोणी नव्हतं. मग म्हटलं आपलाच समुद्र शोधू. तर आपल्या समुद्राचं दुखणं असं की जे हवं असतं ते परवडत नाही. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईला आला, इथली बेटं, नारळीची बनं, होड्या सगळं काढलं, पुण्याला जाऊन सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांची चित्रं केली आणि १७९५ मध्ये इथेच वारला. त्याची मुंबईची बारा दृश्यं १८०० साली लंडनमध्ये छापून आली. मी ती फक्त स्क्रीनवर बघते, जशी बायका बंद शोरूममधल्या पैठण्या बघतात.

जे परवडतं त्यातलं निम्मं खोटं निघतं. एका जुन्या वस्तूंच्या दुकानदाराने "अस्सल तांब्याच्या प्लेटचं" म्हणून जंजिरा दिला होता, कागद मस्त पिवळट, कडा कुरतडलेल्या, मी खूश. घरी आणून भिंग लावलं तर सगळा जंजिरा बारीक बारीक ठिपक्यांचा, रव्याच्या चाळणीसारखा. खऱ्या एन्ग्रेव्हिंगमध्ये सलग कोरलेल्या रेघा असतात, ठिपके म्हणजे ऑफसेट, मशीनवरची आधुनिक छपाई, म्हणजे फार तर आपल्या लग्नपत्रिकेच्या वयाचं. पिवळेपणा चहाचा होता. सासूबाईंनी वास घेऊन सांगितलं, आलं नाही घातलेलं.

म्हणून विजयदुर्ग आला तेव्हा मी आधी भिंग काढलं. रेघाच होत्या! आणि मग चित्राच्या बाहेरच्या कोऱ्या कागदावरून बोट फिरवलं. चारी बाजूंनी एक हलकी खोलगट धार लागते बोटाला, पाटावर रांगोळीचा छाप दाबल्यासारखी. ओलसर कागद आणि तांब्याची प्लेट एकत्र दाबाखालून काढली की प्लेटची कड कागदात रुतते, तिला प्लेट मार्क म्हणतात, आणि आम्हा वेड्या लोकांत तो मार्क म्हणजे सोन्यावरचा हॉलमार्क. मी दहा मिनिटं नुसतं बोट फिरवत बसले. नवऱ्याने येऊन विचारलं, कापलं का बोट?

खाली कोरून लिहिलेलं होतं 'घेरिया', इंग्रज विजयदुर्गाला तेच म्हणायचे. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाईव्ह आरमार घेऊन तिथे आले, त्यांच्या जोडीला जमिनीवरून पेशव्यांची फौज होती आणि किल्ला राखणाऱ्या तुळाजी आंग्र्यांची अख्खी गलबतं बंदरात जळाली. चित्रात तेच, धूर, शिडं, मागे तटबंदी. आणि आमचं सासर गिर्ये, म्हणजे विजयदुर्गाला लागूनच. आता सांगा, कोण सोडेल?

अण्णांना, म्हणजे सासऱ्यांना, सरप्राइज द्यायचं होतं. त्यांनी चष्मा पुसला, चित्र उजेडात धरलं, लांब धरलं, जवळ धरलं आणि म्हणाले, "ह्यो आमचो विजयदुर्ग न्हय."

म्हटलं अण्णा, खाली नाव आहे.

"नाव काय, कोण पण लिवता. खाडी ह्या बाजूक कशी इली?"

झालं. अण्णांचं बालपण त्या पाण्यात गेलंय. समुद्रातून किल्ल्याकडे तोंड केलं की वाघोटनची खाडी डाव्या हाताला, हे ते झोपेत सांगतील, आणि चित्रात खाडी बिनदिक्कत उजवीकडे. शिवाय मागे बर्फाचे असावेत असे टोकदार डोंगर आणि माडांच्या जागी छत्र्या उलट्या खोचल्यासारखं काहीतरी. डोंगर-माडाचं मी समजून घेतलं, कोरणारा कारागीर तिकडे बसून कोरणार, त्याने बिचाऱ्याने कुठे माड पाहिलाय. पण खाडी?

दोन दिवस घरात वाद. मी सगळं समजावून सांगत होते, तांब्याच्या पत्र्यावर कोरतात, शाई भरतात, वरची पुसतात, रेघांत उरते ती कागदावर येते. एचिंग असेल तर पत्र्याला मेण लावून सुईने खरवडतात आणि ॲसिड तांबं खातं. सासूबाई कोथिंबीर निवडता निवडता ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे पेढ्याचा साचाच की. मग उलटं आलं असेल. साच्यात उलटं कोरलं तर पेढ्यावर सुलटं. त्या मेल्याने सुलटंच कोरलं असेल."

मी गप्प. एवढी वर्षं मी भिंग घेऊन फिरतेय आणि हे मला सुचलं नाही. आधीच्या कोणाच्या तरी छापील चित्रावरून नक्कल करायची, आरशात बघून उलटवायचा कंटाळा करायचा आणि समोर दिसतंय तसंच पत्र्यावर उतरवायचं, त्या काळच्या स्वस्त नकलांमध्ये हा घोळ बऱ्याचदा व्हायचा. नाव मात्र नीट उलटं कोरलेलं, कारण अक्षरं उलटी छापली गेली तर मालकाला लगेच कळतं, किल्ला उलटा छापला तर लंडनमध्ये कोणाला कळणार? गिर्येचा माणूस भेटेपर्यंत चालून गेलं.

बाथरूममधून अण्णांचा दाढीचा आरसा आणला, चित्रासमोर धरला. खाडी डावीकडे! अण्णा किती तरी वेळ आरशात बघत राहिले. बुरूज मोजले. मग म्हणाले, "आता बरा. पण नाव उलटा दिसता." हे मात्र खरं होतं, आरशात किल्ला सुलटा झाला की घेरिया उलटं.

तोपर्यंत जुलै लागला. आम्ही माहीमला, घरातून समुद्र दिसत नाही पण बिजागऱ्या त्याची आठवण देतात. सुट्या कागदाला आठवड्यात तांबूस डाग दिसायला लागले, त्याला फॉक्सिंग म्हणतात, सासूबाई म्हणाल्या वांग आलेत चित्राला, मसूर डाळ लाव. मी घरातल्या सगळ्या बुटांच्या खोक्यांतून सिलिका जेलच्या पुड्या गोळा केल्या. एकदा एक कसर पाकिटावरून रुबाबात फिरताना दिसली तेव्हा मात्र ठरवलं, फ्रेम.

फ्रेमवाल्याला मी लिहून दिलं. ॲसिड-फ्री माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा पुठ्ठा. मागे हार्डबोर्ड नको. गोंद नको. काचेला चित्र टेकायला नको. त्याने कागद वाचून मान डोलावली, अगदी डॉक्टरसारखी. शनिवारी आणायला गेले तर फ्रेम सुंदर, काच चकाचक आणि चित्र कडेला कड लावून बसवलेलं. कोरा कागद गायब. प्लेट मार्क गायब. खालचं नाव गायब.

"कडा खराब होत्या ना मॅडम, साफ कापून टाकल्या. खाली कायतरी जुनं इंग्लिश होतं, ते पण काढलं. आता कसं, फ्रेश वाटतंय." बिल चित्राच्या किमतीपेक्षा जास्त होतं. मी त्या कापलेल्या पट्ट्या मागितल्या तर त्याने टोपलीकडे बोट दाखवलं, त्यावर कोणीतरी वडापाव खाल्ला होता.

रिक्षात रडले मी. खोटं कशाला सांगू.

घरी आणलं तर लावायचं कुठे हा प्रश्न, हॉलच्या तिन्ही भिंतींना ओल, एकच भिंत कोरडी, बेसिनसमोरच्या पॅसेजमधली. तिथे खिळा ठोकला. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांची हाक आली, एवढ्या मोठ्याने की मला वाटलं पडले. ते तोंडाला फेस लावून बेसिनच्या आरशासमोर उभे होते आणि आरशात त्यांच्या खांद्यावरून अख्खा विजयदुर्ग दिसत होता, खाडी डावीकडे, बुरूज जागच्या जागी, आणि खाली उलटं नाव नाही काही नाही.

"फ्रेमवालो हुशार हा गो," अण्णा म्हणाले.

आता पाहुणे आले की अण्णा त्यांना पॅसेजमध्ये नेतात आणि चित्राकडे पाठ करून उभं करतात.