मी आणि समई

काल सकाळी शाहूपुरीत आमच्याच गल्लीतल्या शेकोटीवरून मला उठवलं. लाकडं मी आणली होती. हे आधीच सांगून ठेवतो.

थंडी पडली की माझ्या पोटऱ्यांवर नखानं नाव लिहिता येतं. त्यावर डॉक्टरांनी पॅराफिनचं मलम दिलं. आंघोळ झाली की अंग टिपून ओलसर असतानाच लावायचं, रगडायचं नाही, केसांच्या दिशेनं हात फिरवायचा, डब्यात बोट न बुडवता चमच्यानं काढायचं. आणि विस्तवापासून जपायचं. मलम आपणहून पेटत नाही, पण कपड्यात मुरलं की कापडाची वात होते. हे शेवटचं मी तात्यांना सांगितलं. चुकलं.

"आरं, म्हंजी तू समई हाईस की!"

तात्यांनी खुर्ची मागं ओढली. स्वतःची नव्हे, माझी. माझ्यासकट.

"तात्या, लेंगा धुतलेला आहे."

"कशात?"

"गरम पाण्यात. साबण लावून."

"आन् त्यो डाग?"

डाग होता. धुतलं तरी मलम कापडातून पुरतं निघत नाही, हे तात्यांना कुणी सांगितलं देव जाणे. नेमकं खरं बोलत होते, म्हणून जास्त राग आला. एवढं होऊन त्यांच्या बोटांत बिडी! ती माझ्याकडं रोखून त्यांनी दूध आणायला निघालेल्या वहिनींना बजावलं, "लांबनं जावा, ह्यो पेटतोय."

वहिनी खरंच लांबून गेल्या.

बरं, दुसरं काही लावावं तर प्रत्येकाच्या तोंडी खोबरेल. जानेवारीत साताऱ्यात खोबरेलाची बाटली चुलीशी ठेवल्याशिवाय थेंब सुटत नाही, आणि कपड्यात तेही मुरतंच. औषधवाला म्हणाला, "बिनपॅराफिनचं न्या, बिनधोक." कसलं बिनधोक! त्यानंही कापड पेटतं, असं ब्रिटनच्या औषध नियामकांनी २०१८ सालीच बजावलंय. इथं ट्यूबवर सूचना असलीच तर मुंगीच्या अक्षरात. न्हाणीघरातल्या फरशीवर तेच मलम सांडून मी गेल्या आठवड्यात बसकण मारली, त्याबद्दल तर कुणी चकार शब्द काढला नव्हता. माकडहाड अजून ठणकतंय.

तर मी पाण्याच्या टाकीपाशी दहा हातांवर कुडकुडत उभा. अजिंक्यताऱ्याकडून वारा, समोर माझी लाकडं, त्यांच्याभोवती सगळी गल्ली. तेवढ्यात तात्यांनी हाक मारली. वाटलं, आला पाझर.

"आरं ए, लाकडं सरली. उद्या जरा बाभळीची आन."