काका, निस्ता शिक्का मारा

बी.कॉम. किंवा बीबीए करायला निघालेल्या लेकरांनो, आणि त्यांच्या फीची तजवीज करणाऱ्या मायबापांनो, मी परभणीत मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, तोंडाशी बसणारा साधा कर सल्लागार. जगात जर्मनी, भारतात परभणी, तेव्हा सल्ला फुकट असला तरी हलका समजू नका. डिग्री कशी घ्यायची तेवढं सांगतो. शिकायचं कसं ते सांगत नाही, कारण ते अजून मला कुणी विचारलेलं नाही.

आधी नाव बघा. बी.कॉम. म्हणलं की पाहुणे नुसतं ‘बरं’ म्हणतात, बीबीए म्हणलं की ‘अरे वा!’ म्हणतात. जास्तीची फी या ‘अरे वा’ची असते. २०२४ मध्ये बीबीए एआयसीटीईकडं, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेकडं गेलं, मागोमाग सीईटी ही प्रवेश परीक्षा आली, आणि पोरं फिरकेनात. मग काही कॉलेजांनी कोर्सचं नावच बदललं. बी.कॉम.च्या पुढं कंसात मॅनेजमेंट लिहिलं की सीईटीचा प्रश्न मिटला. यापेक्षा चांगली केस स्टडी पुढच्या तीन वर्षांत तुम्हाला मिळणार नाही, ती लिहून ठेवा.

वर्गात जाऊ नका. सर तासिका तत्त्वावर आहेत, घेतील तेवढ्या तासांचेच पैसे, मानधन कधी येईल ते त्यांनाच ठाऊक नाही. उगाच समोर बसून त्यांना कशाला लाजवता?

पुस्तक तर घेऊच नका, गाईड घ्या, आणि ते जुनं घ्या. एका पोरानं मला दाखवलेल्या गाईडात व्हॅटचा धडा अजून ठणठणीत होता. जीएसटी लागला १ जुलै २०१७ ला. रद्दीच्या दुकानापर्यंत बातमी पोचायला वेळ लागणारच. आयकराचा १९६१ चा कायदाही गेला, १ एप्रिल २०२६ पासून नवा लागू झाला. ‘प्रीव्हियस इयर’ आणि ‘असेसमेंट इयर’ची जोडी मोडून एकच ‘टॅक्स इयर’ आलं. तुम्ही मात्र त्या दोघांतला फरक पाठच ठेवा, पाच मार्क कुठं जात नाहीत.

हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली, ते शिकू नका. टॅलीचं सर्टिफिकेट घ्या.

फायनान्स घेतलंय म्हणजे ऑप्शन ट्रेडिंग आलंच. सेबीनं २०२४ मध्ये जाहीर केलं की २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शनचे सौदे करणाऱ्या शंभर सामान्य लोकांतल्या ९३ जणांनी पैसे घालवले, आणि सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटींच्या वर गेला. तुम्ही अर्थातच उरलेल्या सातांतले. मेसचे पैसे लावून टाका.

आता मुख्य विषय, इंटर्नशिप. नव्या शैक्षणिक धोरणात तिला ओजेटी, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग म्हणतात. ४ क्रेडिट, १२० तास. एखाद्या कार्यालयात किंवा दुकानात बसून काम शिकायचं असं कागदावर लिहिलंय. तुम्ही तो कागद तेवढा आणायचा.

परवा वीस तारीख होती. आमच्या धंद्यातल्या माणसाला वीस तारीख म्हणजे काय ते सांगायला नको. जीएसटीचे महिन्याचे रिटर्न, ३बी, भरायचे सतरा राहिलेले, पोर्टल गोल गोल फिरायलेलं, एक व्यापारी पुढ्यात बसून ‘पेनल्टी तर नाही ना लागणार?’ असं दर पाच मिनिटाला विचारायलेला. तेवढ्यात एक लेकरू आलं. पाया पडलं, मग प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून कागद काढला.

“काका, निस्ता शिक्का मारा.”

प्रमाणपत्र छापूनच आणलं होतं. त्यात माझ्या ऑफिसचं नाव, आणि खाली हा पोरगा ‘हार्डवर्किंग अँड सिन्सियर’ असल्याचं माझं मत, जे मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. सोबत हजेरीचा तक्ता. त्यानुसार गडी २६ जानेवारीला माझ्याकडं सहा तास राबला होता. त्या दिवशी मी सासुरवाडीला, वसमतला होतो आणि ऑफिसला कुलूप होतं. मूल्यमापनाच्या फॉर्ममध्ये पाचपैकी पाच, पाचपैकी पाच, असं पेन्सिलनं भरून ठेवलेलं. मी फक्त वरून पेन फिरवायचा, एवढी काळजी माझ्या पोटच्या पोरानं कधी घेतली नाही.

म्हणलं, बाबा, आजपासून बस की. आज तर कामाचा डोंगर आहे.

“सर म्हणलेत उद्याच सबमिट करायचंय. आमच्या वर्गात समद्यांनी असंच केलंय, कोणी बघायलंय?”

मी नाही म्हणालो. तो बाहेर गेला, आणि दहा मिनिटांत सरांचा फोन. सर फार गोड बोलले. शेवटी म्हणाले, “साहेब, तुमचं काय जातंय?”

हे वाक्य मी तेव्हापासून चघळतोय. तुमचं काय जातंय! शाई, आणि ती पण शिक्क्याच्या पॅडची. शेजारच्या हार्डवेअरवाल्यानं त्याच आठवड्यात अकरा पोरांना शिक्के दिले. अकरा जण प्रत्येकी १२० तास त्याच्या दुकानात होते म्हणे. दुकान आहे दहा बाय बारा, त्यात अर्ध्या जागेत पाइप.

पोरगा फोल्डर विसरून गेला होता, ते न्यायला परत आला. त्यातून एक पिवळी चिठ्ठी टेबलावर घसरली. त्याच्या बापाची आडतीतली पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशेब. सकाळी तूर घातली होती, पट्टी घरी न्यायची होती. ६ क्विंटल ५० किलो, भाव ७,०००, झाले ४५,५००. हमाली-तोलाई १८०. जूनमध्ये पेरणीला घेतलेली उचल २०,०००. व्याज ३,२००. हातात २२,१२०.

मी विचारलं, हे व्याज कसं लावलंय?

बघत बसला. मग म्हणाला, “दोन टक्केच हाय की, काका.”

महिन्याला का वर्षाला?

गप्प. पोरगं फायनान्स स्पेशलायझेशनचं, तिसऱ्या वर्षाचं. ‘टाइम व्हॅल्यू ऑफ मनी’ची व्याख्या विचारली, तर एका दमात इंग्रजीतून म्हणून दाखवली, कुठं अडखळलं नाही. आणि शेकडा दोन म्हणजे महिन्याला दोन, वर्षाला चोवीस टक्के, आठ महिन्यांचे सोळा, म्हणून वीस हजाराला बत्तीसशे, हे त्याला मी पेनानं पट्टीच्या मागं लिहून दाखवलं. वेळेत फेडलं तर तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज पंजाबराव देशमुख योजनेत बिनव्याजी पडतं, हेही सांगितलं. बँक बापाला दारात उभं करते का, तो विषय वेगळा. पण पोरानं तीन वर्षांत एकदाही घरी बसून बापाला विचारलं नव्हतं, की दादा, तुम्ही उचल कितीनं घेता?

त्याचा चेहरा उतरला. मलाही बरं वाटलं नाही, खोटं कशाला सांगू.

उरलेले सल्ले होते खिशात. प्रोजेक्ट झेरॉक्सवाल्याकडून घेऊन वरचं नाव कसं बदलायचं, डिग्री झाली की पुण्याची बस कुठून धरायची. जाऊ द्या ते, हसून बोलायची इच्छा राहिली नाही.

अरे, मोंढा तुमच्या कॉलेजपासून सायकलवर दहा मिनिटांवर आहे. तिथं भाव कसा फुटतो, उधारी कशी वसूल होते, तारण म्हणजे काय, हे रोज सकाळी उघड्यावर चालतं, फी लागत नाही. माझ्याकडं एक म्हातारे मुनीम यायचे. कीर्द, खतावणी, दोन्ही बाजूंची बेरीज जुळवायची तेरीज, सगळं हातानं. तेरजेत आठ आण्यांचा फरक राहिला तर जेवायला उठायचे नाहीत. शिक्षण सातवी. आणि तुम्ही पदवीधर होणार, तर बापाची पट्टी वाचता येईना! लाज वाटायला पाहिजे. तुम्हाला कमी, सरांना जास्त. सर, माझं काय जातंय विचारता? उद्या हेच पोरगं ‘हार्डवर्किंग अँड सिन्सियर’चा कागद घेऊन माझ्याच दारात नोकरी मागायला येतं आणि मी त्याला परत पाठवतो. बाप शेत गहाण ठेवून फी भरतो. त्याचं जातंय. आणि हार्डवेअरवाले शेटजी, तुम्हालाही सांगतो, खोट्या बिलावर सही करताना हात थरथरतो ना तुमचा? मग हे काय होतं?

शिक्का माझ्या टेबलाच्या वरच्या खणात आहे, कुलपात. पोरा, तुझा सबमिशनचा दिवस गेला असेल, नाहीतर दुसरीकडून मिळालाही असेल. तरी समोरची खुर्ची रिकामी आहे आणि मार्च तोंडावर आलाय. साडेदहाला ये, डबा घेऊन ये, १२० तास मोजून घेईन. ती पट्टीही सोबत आण. मागं माझं गणित लिहिलंय, ते आधी बापाला दाखवलंस का ते सांग.