गिळला की फाडला?

"उजेड काहीच दिसला नाही, मग त्यात न्यूट्रॉन तारा होता हे कशावरून?" विन्या अडूनच बसला. विषय होता ५ आणि १५ जानेवारी २०२०ला गुरुत्वीय लहरींतून, म्हणजे अवकाशाच्या थरथरीतून, नोंदल्या गेलेल्या दोन टकरींचा: दोन्हींत एक कृष्णविवर आणि एक न्यूट्रॉन तारा, म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा घट्ट दाबलेला गाभा, असं म्हणतात.

"वस्तुमानावरून," शमा म्हणाली. "लहरींची वारंवारता किती झपाट्यानं चढते त्यावरून दोघांची वस्तुमानं काढतात. पहिल्या टकरीत ती निघाली सूर्याच्या ८.९ आणि १.९ पट. न्यूट्रॉन तारा दोन-सव्वादोन सूर्यांच्या फार वर तग धरत नाही. १.९ त्यात बसतं."

"बसतं म्हणजे तोच, असं नाही!"

"कबूल. ताऱ्याचा आकार ताणला गेल्याची खूण लहरींत सापडलेली नाही. पण ताऱ्याच्या मरणातून इतकं हलकं कृष्णविवर बनल्याचं एकही पक्कं उदाहरण आपल्याकडे नाही."

"ऑगस्ट २०१७ला दोन न्यूट्रॉन तारे धडकले, तर १.७ सेकंदांत गॅमा किरण आले. इथे का नाही?"

अण्णांनी गणितच मांडलं. "उजेड पडायला तारा बाहेरच फाटायला हवा. न फिरणाऱ्या कृष्णविवराभोवतीची शेवटची स्थिर कक्षा, जिच्या आत गेलं की सरळ आत पडायचं, ती दर सूर्यामागे जवळपास ९ किलोमीटर. इथे झाली ८०. आता तारा किती जवळ आला की फाटतो ते बघ. त्याची त्रिज्या १२ धर. वस्तुमानांच्या गुणोत्तराचं घनमूळ १.७, त्यानं गुण: २०. वर दोन-अडीचचा गुणक लावलास तरी ५०. म्हणजे तारा फाटायच्या आधीच अख्खा आत! कृष्णविवर जितकं मोठं तितकं फाडणं अवघड. लोकांना नेमकं उलटं वाटतं."

"आणि ते फिरत असेल तर?"

"तारा ज्या दिशेनं घिरट्या घालतो त्याच दिशेनं जोरात फिरत असेल तर ती कक्षा आत सरकते, मग फाटू शकतो. या पहिल्या टकरीत तसं जोरात फिरणं दिसलं नाही."

"शिवाय दुर्बिणी वळवायच्या कुठे?" शमा म्हणाली. "५ तारखेला लहरी टिपणाऱ्या तीन यंत्रांपैकी अमेरिकेतला हॅनफर्डचा लायगो बंद होता, इटलीतल्या व्हर्गोत संकेत अगदी क्षीण. टक्कर आकाशात कुठे झाली त्याचा संशयित पट्टा ७,२०० चौरस अंशांचा, आकाशाचा सहावा हिस्सा. त्यात अंतर ९० कोटी प्रकाशवर्षं. तिन्ही यंत्रं चालू असताना, १५ तारखेला, तोच पट्टा ६००वर आला."

"मग मे २०२३ची टक्कर घे," विन्या हटेना. "जड घटक २.५ ते ४.५ सूर्यांच्या मधला. तिथे फाटायला हवा होता."

"शक्यता आधीच्यांपेक्षा जास्त होती," अण्णा म्हणाले. "पण तेव्हा एकट्या लिव्हिंग्स्टनच्या, म्हणजे अमेरिकेतल्या दुसऱ्या लायगोलाच ऐकू आलं. एका यंत्रावरून दिशा कळत नाही. हिंगोलीत औंढा नागनाथला ४ किलोमीटर भुजांचा लायगो व्हायचा आहे तो याचसाठी. यंत्रं जितकी लांब लांब, तितका पट्टा आखूड."