एक सरडा, पाचशे रातकिडे

शॅमेलिऑन पाळायची हौस असलेल्याने आधी महिनाभर नुसते रातकिडे पाळून बघावेत. ते जमलं तर सरडाही जमेल. सरड्याचं स्वतःचं काम दिवसाला पाच मिनिटांचं असतं. बाकीचा वेळ त्याचं जेवण, त्याचं पाणी आणि त्याचे दिवे खातात.

मी बोलतोय ते व्हेल्ड शॅमेलिऑनबद्दल. मूळचा येमेनचा आणि सौदी अरेबियाच्या त्याला लागून असलेल्या कोपऱ्यातला. आमच्या न्यू जर्सीत विकत मिळतो तो मात्र बहुतेक वेळा इथेच कुणाकडे तरी अंड्यातून निघालेला असतो. डोक्यावर उंच तुरा, नर असेल तर शेपटीसकट दीड ते दोन फूट, आणि नीट सांभाळला तर सहा ते आठ वर्षं मुक्काम. (भारतातल्या वाचकांनी हे वाचून कुंपणावरचा घोयरा, म्हणजे तिथला शॅमेलिऑन, घरी आणू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो संरक्षित आहे, आणि वन खात्याचे लोक तुमचं प्राणिप्रेम ऐकून घ्यायला येत नाहीत.)

पिंजरा जाळीचा लागतो, तळ २ फूट बाय २ फूट आणि उंची ४ फूट. पाहुणे विचारतात, एवढ्याशा जिवाला एवढं मोठं कपाट कशाला? कारण तो झाडावरचा प्राणी आहे. जमीन त्याला नको, उंची हवी. आपल्या डोळ्यांच्या वर बसायला मिळालं की तो निवांत असतो; आपण वरून वाकून बघितलं की त्याला घार आल्यासारखं वाटतं. म्हणून ते चार फुटी कपाट पुन्हा टेबलावर चढवायचं. दिवाणखान्यातला सगळ्यात चांगला कोपरा गेला असं समजा. आत झाडं हवीत आणि तीही खरी, कारण व्हेल्ड पानंही खातो. मनी प्लांट, जास्वंद, शेफ्लेरा चालतात. पण नर्सरीतून आणलेल्या झाडावर काय फवारलंय ते कोण सांगणार? म्हणून पान न् पान दोन्ही बाजूंनी धुवायचं, माती बदलायची आणि कुंडीत वरून त्याच्या तोंडात मावणार नाहीत असे गोटे रचायचे, नाहीतर साहेब माती खातात. एवढं करून मनी प्लांट तरारला की तो शेंड्याची कोवळी पानं तेवढी कुरतडणार. जून पानांना नुसती चव घेतल्याची भोकं पाडून ठेवणार.

आता पाणी. वाटीत पाणी ठेवलं तर त्याला ते दिसत नाही म्हणा किंवा दिसूनही पटत नाही म्हणा, पण बहुतेक शॅमेलिऑन साचलेल्या पाण्याला तोंड लावत नाहीत. त्यांना पानावरचे थेंब चाटायचे असतात. मग आपण घरात पाऊस पाडतो. दिवे लागायच्या आधी दोन मिनिटं फवारणी, दिवे बंद झाल्यावर दोन मिनिटं, आणि दुपारी एका प्लॅस्टिकच्या ग्लासाला बुडाशी टाचणीने भोक पाडून तो पिंजऱ्यावर ठेवायचा, सेकंद-दोन सेकंदाला एक थेंब पडेल असा. तो पितो तेव्हा आपण तिथे असता कामा नये. आपण दिसलो की पाणी सोडून तो फांदीच्या मागे जाऊन एका डोळ्याने आपल्यावर नजर ठेवतो. दुसरा डोळा तेव्हा छताकडे असतो.

हाताने फवारायचा कंटाळा येतोच, मग पंप, पाव इंची नळी आणि फवाऱ्याची तोंडं अशी यंत्रणा घेतली जाते. तिच्याबरोबर आपण प्लंबर होतो. नळी कात्रीने तिरकी कापली की सांध्यातून पाणी ठिबकतं. ती धारदार ब्लेडने सरळ कापायची आणि शेवटपर्यंत दाबून बसवायची. पाण्याची टाकी फवाऱ्यांपेक्षा उंच ठेवली तर पंप बंद झाल्यावरही पाणी आपल्या भाराने टपकत राहतं, म्हणून टाकी खाली हवी. टाकीत नळाचं पाणी घातलं तर क्षार साचून तोंडं बुजतात आणि पानांवर पांढरे डाग पडतात. डिस्टिल्ड किंवा आरओचं पाणी वापरा. बुजलेली तोंडं व्हिनेगरमध्ये तासभर भिजवली की बहुतेक वेळा मोकळी होतात. बुजलेल्या तोंडाची एक खोड मात्र लक्षात ठेवा: ते पाणी अडवत नाही, दिशा बदलतं. बारीक फवाऱ्याऐवजी एकच सरळ धार निघते, जाळीतून बाहेर पडते आणि भिंतीवर किंवा सोफ्यावर जाते.

आणि आत पडलेलं पाणी कुठे जाणार? जाळीच्या पिंजऱ्याला बादली लागते. तळाशी भोकाचा ट्रे, त्याखाली ५ गॅलनची बादली, आणि बादली भरली हे कळण्याची पद्धत एकच, लाकडी जमिनीवर ओल दिसणे. भाड्याच्या घरात डिपॉझिटमधून काय वजा झालं याची चर्चा इथे नको.

हिवाळ्यात याच्या उलट. घराची हीटिंग चालू झाली की हवा इतकी कोरडी होते की फवारलेलं पाणी बघता बघता उडून जातं. मग पिंजऱ्याच्या तीन बाजूंना बाथरूमचा पारदर्शक पडदा लावायचा, समोरची बाजू आणि माथा उघडा. दिसायला बांधकाम चालू असल्यासारखं दिसतं. सरड्याच्या लघवीबरोबर जो पांढरा खडा येतो तो पांढराच यायला हवा. केशरी आला तर पाणी कमी पडतंय. सकाळी चहाआधी पहिलं काम म्हणजे हा रंग तपासणं. या विषयावर दोन शॅमेलिऑनवाले भेटले तर अर्धा तास सहज बोलतात, आणि तेही जेवणाच्या टेबलावर.

दिवे दोन लागतात, एक उबेचा आणि एक अतिनील किरणांचा. पिंजरा खिडकीत ठेवला की झालं, असं सांगणारे भेटतात. काचेतून यूव्हीबी किरण जवळजवळ येतच नाहीत. त्याविना अंगात डी३ जीवनसत्त्व तयार होत नाही, डी३ विना कॅल्शियम हाडात जात नाही आणि पाय धनुकलीसारखे वाकतात. म्हणून टी५ म्हणतात त्या बारीक जाडीची, ६ टक्के यूव्हीबीवाली लांब ट्यूब, वरच्या फांदीवर बसलेल्या सरड्याच्या पाठीपासून साधारण आठ-नऊ इंचांवर. ही ट्यूब वर्षभराने बदलायची. चीड आणणारी गोष्ट ही की वर्षभराने ती अगदी पहिल्याइतकीच लख्ख दिसत असते. चालू असलेली महागडी ट्यूब काढून टाकताना आपल्या पिढीचा हात अडखळतोच. उबेचा बल्ब नराला फांदीवर ३० अंश सेल्सियसच्या आसपास मिळेल असा, आणि जाळीच्या चार इंच वर उचलून. जाळीला टेकवून ठेवला तर साहेब छताला उलटे लटकून तुरा भाजून घेतात. भाजतंय हे त्याला वेळेवर कळत नाही. एवढा सावध प्राणी, घारीला दोन मैलांवरून ओळखेल, पण डोक्याशी बल्ब आहे हे लक्षात येत नाही.

आता रातकिडे.

पाचशे मागवायचे, कारण दुकानात डझनाने घेतले तर दिवाळं निघतं. ते खोक्यातून टपालाने येतात. जानेवारीत दारात तासभर राहिले तर मेलेले येतात, आणि जिवंत पोचवण्याची हमी थंडीत लागू नाही हे खोक्यावर बारीक अक्षरात असतं. मोठे मागवू नका. ओरडतात ते पंख फुटलेले नर, म्हणून अर्ध्या इंचाचे घ्यावेत, ते मुके असतात. दोन-तीन आठवड्यांत त्यांनाही पंख फुटतात आणि बेसमेंटमध्ये सुगीच्या दिवसांतलं शेत जमतं.

रातकिडे मरतात ते ओलाव्याने. पाण्याची बशी ठेवली की त्यात बुडून मरतात, मेलेले सडतात, त्या वासाने उरलेले मरतात. म्हणून पाण्याऐवजी गाजराचे तुकडे किंवा पाण्याचे जेली-खडे, अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे रचलेले (आडवे रचले तर विष्ठा त्यातच साचते), झाकणाला बारीक जाळी, आणि दर दोन दिवसांनी मेलेले वेचणे. सरड्याला देण्याआधी दिवसभर त्यांना चांगलंचुंगलं खायला घालायचं. कोलार्डची (कोबीच्या कुळातल्या पालेभाजीची) पानं, लाल भोपळा, संत्र्याची फोड. पालक नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवतं. घरातल्या मुलांना उरलेली भाजी आणि किड्यांना ताजा भोपळा, हा न्याय घरात समजावून सांगणं कठीण जातं.

मग हे किडे एका उंच डब्यात घ्यायचे, चिमूटभर डी३ नसलेलं कॅल्शियम टाकायचं आणि डबा हलवायचा. तळायला पीठ लावलेल्या बोंबलासारखे दिसू लागले तर पावडर जास्त झाली. सरडा बघतो, जीभ अर्धी बाहेर काढतो आणि परत आत घेतो. डी३ असलेली पावडर महिन्यातून दोनदाच, जास्त झाली तर तीही बाधते. किड्याचा आकार सरड्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. मोठ्या नराला एक दिवसाआड तीन ते पाच पुरतात. हिशेब केला तर पाचशेतले बहुसंख्य त्याच्यासाठी नसतातच, ते डब्यात सुखाने म्हातारे होऊन मरतात.

वाढायचे ते खोलगट भांड्यात. पिंजऱ्यात मोकळे सोडलेले रातकिडे कुंडीखाली लपतात आणि रात्री झोपलेल्या सरड्याला चावतात. आणि एखादा खोलीत सुटला तर तो फ्रीजमागेच जातो. दुसरीकडे कुठे जात नाही. रात्री अकराला तिथून सुरू होतो. उठून दिवा लावला की गप्प.

यावर जाणकारांचा उपाय म्हणजे डुबिया झुरळं. ओरडत नाहीत, वास नाही, गुळगुळीत प्लॅस्टिकवर चढत नाहीत, सगळ्या बाबतीत रातकिड्यांपेक्षा सरस. फक्त ती झुरळं आहेत. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाईंना, ही आम्ही विकत आणलेली आहेत आणि आता त्यांना गाजर किसून घालतोय, हे सांगायला जे धैर्य लागतं ते रातकिड्यांच्या आवाजापेक्षा जड. रेशीमकिडे उत्तम, पण त्यांना तुतीशिवाय काही चालत नाही. सुपरवर्म आणि मीलवर्म या भुंगेऱ्यांच्या अळ्या. सुपरवर्म फ्रीजमध्ये ठेवू नका, मरतात. मीलवर्म ठेवले तर चालतात, पण दह्याच्या रिकाम्या डब्यात ठेवायचे असतील तर डब्यावर मोठ्या अक्षरात लिहा.

हे सगळं केल्यावर तो जेवण बंद करतो. कात टाकायची असेल, मादीची आठवण येत असेल, किंवा नुसता रातकिड्यांचा कंटाळा आला असेल. किडा बदलून बघायचा. धडधाकट मोठा नर आठवडाभर उपाशी राहिला तर बिघडत नाही, पण दिवसा डोळे मिटून बसला तर मात्र थांबू नये, सरपटणारे प्राणी बघणारा डॉक्टर गाठावा. सगळे बघत नाहीत, हे रात्री आठला कळण्यापेक्षा आधी फोन करून विचारून ठेवावं.

मादी घेतली तर कटकट वेगळीच. नर नसतानाही ती अंडी घालते, कधी वीस, कधी पन्नासच्या वर. घालायला फूटभर खोल ओल्या वाळूची पेटी लागते. बोगदा कोसळणार नाही इतकी ओली, पण पाणी साचणार नाही इतकीच. आणि खणताना तिला माणूस दिसला तर ती काम अर्धवट टाकते, अंडी पोटातच अडकतात आणि जिवावर बेतते. म्हणून पिंजऱ्याला चादर लावून घरातल्या सगळ्यांनी दबक्या पावलांनी वावरायचं. खाणं आणि ऊब थोडी कमी ठेवली तर अंडी कमी होतात; नवा माणूस तिला लाडाने दोन्ही जास्त देतो.

पाहुण्यांची पहिली फर्माईश ठरलेली: रंग बदलून दाखवा. लाल उशीवर ठेवला तर लाल होईल का? होत नाही. रंग बदलतो तो रागाने, भीतीने, थंडीने. जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये पँथर शॅमेलिऑनवर काम करून दाखवलं की कातडीतल्या ग्वानिन नावाच्या पदार्थाच्या अतिसूक्ष्म स्फटिकांमधलं अंतर बदललं की रंग बदलतो. आमच्याकडे ते अंतर बदलायला पाहुणा जवळ आला की पुरतं. तो गडद होतो, फुगतो, फुस्स करतो आणि पाहुणे टाळ्या वाजवतात. त्यांना वाटतं, ओळख पटली.

खरी परीक्षा डिसेंबरात, पुण्याची तिकिटं काढल्यावर. कुत्र्याला ठेवून घेणारे शंभर मिळतात. शाकाहारी शेजाऱ्यांच्या हातात रातकिड्यांचा डबा देऊन बघा. टायमर लावलेले असतात, तरी वीज गेली की यांत्रिक टायमरचं घड्याळ मागे पडतं आणि सरड्याची सकाळ दुपारी बारा वाजता होते, बॅटरीवाला घ्यावा. टाकी काठोकाठ भरून ठेवावी, बादली रोज रिकामी करायला सांगावं. आणि फ्रीजच्या दारावर चिठ्ठी: तो डोळे मिटून बसला तर फोन करा, तिकडे रात्रीचे तीन वाजले असले तरी. बादली भरून वाहिली तर आधी पंपाचा प्लग काढा, मग फोन करा. रातकिडा फ्रीजमागे गेला तर फोन करू नका.